कळ सारखी, वाट वेगळी

२०१८ सालच्या पावसाळ्यात, जेमतेम एका महिन्याच्या अंतराने, आमच्या ओळखीच्या दोन माणसांच्या छातीत कळ आली. एक जण पातूरपासून सात-आठ किलोमीटरवर, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या खेड्यात सालदार म्हणून राबणारा, वय ५४. दुसरे गृहस्थ नोकरीतून निवृत्त होऊन पातूर गावातच स्थायिक झालेले अधिकारी, वय ६१. पहिला चौथ्या दिवशी गेला. दुसरे आजही संध्याकाळी काठी न घेता फिरायला जातात आणि वाटेत भेटले की आमच्या प्रकृतीची चौकशी करतात. दोघांच्याही घरी आम्ही भेटीला गेलो होतो. सालदाराच्या ओसरीवर बसलो असता त्याची म्हातारी आई म्हणाली, "नशीब घेऊन आला व्हता, गुरुजी. तेवढंच व्हतं." अधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "देवाची कृपा. वेळेवर पोहोचलो."

नशीब आणि देवाची कृपा या दोन शब्दांत त्या दोन घरांनी आपापला हिशेब मिटवला. आम्हांला मात्र तो तितक्या सहजी मिटवता आलेला नाही. रोग तोच, शरीरही माणसाचेच आणि रस्ताही पातूरहून अकोल्याला जाणारा, तीस-पस्तीस किलोमीटरचा, तोच. मग एकाला नशीब आणि दुसऱ्याला कृपा असे का व्हावे? हा प्रश्न वैद्यकाचा आहे, पण तो तेवढाच नाही, असे आम्हांस वाटते. आणि म्हणूनच या पानांवर तो मांडण्याचे धाडस करीत आहोत.

आधी रोगाविषयी चार शब्द सांगणे भाग आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने अचानक बंद होते आणि त्या धमनीवर जगणारा स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. गुठळी जितक्या लवकर विरघळेल किंवा दूर होईल तितका स्नायू वाचतो. ती विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत खरे उपयोगी. बारा तास उलटून गेले की त्याचा लाभ जवळजवळ संपतो. फुग्याने धमनी उघडून आत जाळीची नळी बसवणे, म्हणजे अँजिओप्लास्टी, हा अधिक खात्रीचा उपाय. पण त्यासाठी मोठे रुग्णालय, यंत्रे आणि प्रशिक्षित हात लागतात. शिवाय एक अगदी साधी गोष्ट आहे, ॲस्पिरिनची गोळी. १९८८ मध्ये सतरा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत असे आढळले, की झटका आल्यावर लवकर सुरू केलेल्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतात, आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज तिच्या जोडीला दिले तर सुमारे ४२ टक्क्यांनी. ती गोळी किराणा दुकानातल्या चॉकलेटपेक्षा महाग नाही.

आता त्या सालदाराची रात्र. रात्री अकराला छातीत जड वाटू लागले. घरच्यांनी ओवा-मीठ दिले, पाठ चोळली. "गॅस झाला असन," हे आपल्याकडचे सर्वांत लाडके निदान. ते शेजाऱ्यांनीही एकमताने केले. सकाळी एस.टी.ने पातूर. तेथील एका दवाखान्यात कार्डिओग्राम निघाला आणि डॉक्टरांनी वेळ न दवडता अकोल्याला जायला सांगितले. काळी-पिवळी जीप भरेपर्यंत हलत नाही. भरली तेव्हा साडेदहा झाले होते. अकोल्यात कुणी ओळखीने सुचवलेल्या एका खासगी रुग्णालयात नेले, तेथे आधी अनामत रक्कम भरायला सांगण्यात आली. शासनाची योजना होती, पण पिवळे रेशनकार्ड गावी पेटीत, आणि हे रुग्णालय त्या योजनेत आहे की नाही हे विचारायचे कुणाला सुचले नाही. तेथून दुसऱ्या रुग्णालयात. खाट मिळाली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. रात्री अकरा ते दुपारी एक म्हणजे चौदा तास. इंजेक्शनाची वेळ टळून गेली होती.

अधिकाऱ्यांना रात्री नऊला दुखू लागले. पावणेअकराला ते अकोल्याच्या रुग्णालयात होते. मध्यरात्रीपूर्वी धमनी उघडली गेली. विम्याचे कार्ड पाकिटातच होते.

कुणी म्हणेल, दोन माणसांवरून काय सिद्ध होते? काहीच नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. अँजिओप्लास्टी होऊनही माणसे दगावतात, आणि ओवा-मीठ घेऊन वाचलेलेही आपल्या पाहण्यात असतात. सालदाराचा झटका मुळातच मोठा असेल. त्याला आमच्या भागात सर्रास असलेली खर्ऱ्याची सवय होती. एका माणसाच्या मृत्यूला नेहमीच एखादे कारण सापडते, आणि ते कारण सापडले की आपले समाधान होते. म्हणून दोन माणसे बाजूला ठेवून वीस हजार माणसांकडे वळू.

बंगळूरचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आपल्यापैकी अनेकांना नावाने परिचित असेल. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने ते १९६३ मध्ये सुरू केले. तेथील डॉ. डेनिस झेवियर, डॉ. प्रेम पैस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी देशातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांची नोंद ठेवण्याचे काम हाती घेतले. 'क्रिएट' या नावाने ते ओळखले जाते. २०,४६८ रुग्णांचे निश्चित निदान झाले. निष्कर्ष २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुखू लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे निघाला. म्हणजे निम्म्या माणसांना सहा तासांपेक्षाही अधिक वेळ लागला. दारातून आत गेल्यावर इंजेक्शन मिळायला मात्र केवळ ५० मिनिटे. तेव्हा उशीर होतो तो अधिककरून दाराबाहेर.

पुढचा भाग अधिक बोचरा आहे. या रुग्णांची विभागणी श्रीमंत ते गरीब अशा स्तरांत केली होती. ॲस्पिरिनसारखी औषधे मोठ्या झटक्याच्या ९८ टक्के रुग्णांना मिळाली. इतक्या जणांना मिळाली म्हणजे तेथे भेदाला फारशी जागाच उरली नाही. पण औषधाची किंमत जसजशी चढत गेली तसतशी दोन रांगांमधली फट रुंदावत गेली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन श्रीमंतांपैकी ६०.६ टक्क्यांना, गरिबांपैकी ५२.३ टक्क्यांना. कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, जी पुढे कायम घ्यावी लागते, ६१.२ आणि ३६. अँजिओप्लास्टी १५.३ आणि २. बायपास शस्त्रक्रिया ७.५ आणि ०.७. तीस दिवसांच्या आत श्रीमंतांतील ५.५ टक्के मृत्यू पावले, गरिबांतील ८.२ टक्के.

यानंतर संशोधकांनी जे केले ते एखाद्या नीतिशास्त्राच्या अभ्यासकानेही करावे असे आहे. गरीब रुग्ण मुळातच अधिक आजारी होते काय, त्यांच्या सवयी अधिक वाईट होत्या काय, हे त्यांनी गणितात घालून पाहिले. फरक तसाच राहिला. मग दोघांना मिळालेले उपचार गणितात घातले. फरक नाहीसा झाला. म्हणजे गरीब माणूस अधिक संख्येने मेला तो त्याच्या रक्तामुळे नव्हे, त्याच्या खर्ऱ्यामुळे नव्हे, तर त्याला जे मिळाले नाही त्यामुळे.

'ज्याचे त्याने पाहावे' हा युक्तिवाद आम्ही सुशिक्षित लोकांच्या बैठकीत पुष्कळदा ऐकतो. हे लोक तंबाखू सोडत नाहीत, रक्तदाब तपासत नाहीत, मग डॉक्टर तरी काय करणार? तंबाखू सोडलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु वीस देशांत केलेल्या 'प्युअर' या अभ्यासाचे २०१९ मध्ये आलेले निष्कर्ष पाहावेत. आपल्यासारख्या गरीब देशांत कमी शिकलेल्या माणसांच्या अंगी असलेले धोके, एकंदरीने पाहता, अधिक शिकलेल्यांपेक्षा कमीच होते. तरीही हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरणाऱ्यांत त्यांचेच प्रमाण कितीतरी अधिक होते, कारण उपचार त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. वावरात दिवसभर वाकणाऱ्या माणसाचे पोट सुटलेले नसते. त्याची कमाई त्याला त्या बाबतीत तरी तारते, आणि पुढे मारते.

अमेरिकेत हाच प्रश्न वर्णाच्या नावाने विचारला जातो. तेथे काळ्या माणसाला हृदयाचा झटका आला तर त्याला गोऱ्याइतकेच उपचार मिळतात काय, यावर गेली तीन-चार दशके अभ्यास चालू आहेत. १९९९ मध्ये एक नवल प्रयोग प्रसिद्ध झाला. नट-नट्यांना रुग्ण बनवून, सर्वांच्या अंगी सारखाच रुग्णालयाचा झगा घालून, सारख्याच शब्दांत छातीचे दुखणे सांगायला लावले आणि त्या चित्रफिती ७२० डॉक्टरांना दाखवल्या. धमन्यांच्या पुढील तपासणीसाठी गोऱ्यांची शिफारस ९०.६ टक्के वेळा झाली, काळ्यांची ८४.७ टक्के, स्त्री-पुरुषांतही नेमका तेवढाच फरक. वर्तमानपत्रांनी त्या वेळी हा फरक चाळीस टक्क्यांचा म्हणून छापला. तो गणिताच्या चुकीच्या वाचनाचा परिणाम होता, आणि तसे पुढे दाखवूनही देण्यात आले. अन्याय मोठा करून सांगितल्याने अन्यायग्रस्ताचे भले होत नाही, उलट त्याच्या साक्षीवरचा विश्वास उडतो. सहा टक्के पुरेसे आहेत. त्या ७२० जणांपैकी फारच थोड्यांना आपण भेद करतो आहोत याची जाणीव असेल.

दुसरा अभ्यास २००५ चा. त्यात अकरा लाखांहून अधिक वृद्ध रुग्णांची नोंद तपासली गेली. ज्या रुग्णालयांत काळ्या रुग्णांचा भरणा सर्वाधिक, तेथे झटक्यानंतर नव्वद दिवसांत सर्व वर्णांचे मिळून २३.७ टक्के रुग्ण दगावले. जेथे काळे रुग्ण जातच नाहीत तेथे २०.१ टक्के. म्हणजे भेद डॉक्टरांच्या नजरेत जसा असतो तसा तो इमारतींच्या वाटणीतही असतो. कुणाच्या वस्तीजवळ कोणते रुग्णालय, हे फार पूर्वी, कुणाच्याही झटक्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेले असते.

आपल्याकडे वर्ण नाही, जात आहे. वर दिलेली बंगळूरची नोंद गरीब-श्रीमंत अशी विभागलेली होती, जातवार नव्हे. तेव्हा त्यावरून जातीविषयी काही म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु २०२२ मध्ये उत्तर व पूर्वेकडील नऊ राज्यांच्या माहितीवरून केलेल्या एका अभ्यासात आदिवासींचे आयुर्मान उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा चार वर्षांहून अधिक कमी आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आढळले, आणि केवळ गरिबीने त्याचा पूर्ण उलगडा होईना. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता, हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत झालेल्या पाहणीत, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. सात मृत्यूंपैकी एक त्याने झालेला, आणि त्यांतील बहुतेक जण घरीच गेले. पक्षाघात हा हृदयविकाराच्या झटक्याचा सख्खा भाऊ. त्यातही रक्ताची वाट अडते आणि त्यातही घड्याळच सर्वस्व असते. विदर्भाच्या त्या टोकाला पक्षाघाताचे रुग्ण घरी जातात, आमच्या या टोकाला सालदार चौदा तासांनी खाटेवर पोहोचतो. अंतर तेवढेच.

या ठिकाणी आम्हांला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोंदवून ठेवलेली एक हकीकत आठवते. त्यांच्या आठवणींची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही छोटी इंग्रजी पुस्तिका त्यांच्या निधनानंतर, १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. ते मूळ १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आले होते. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना; प्रतिष्ठितांच्या रदबदलीने आणि फी कबूल केल्यावर आला, तो वस्तीबाहेर थांबला. आजारी बाईला बाहेर आणावे लागले. थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाच्या हाती, शिक्षकाने पत्नीच्या; आणि तसाच तो उलट्या वाटेने परत गेला. डॉक्टरने रोग्याला हात न लावता औषध दिले. पुढे तो आला नाही. ती बाई वाचली नाही.

त्या डॉक्टरला दोषी ठरवायला आम्हांला क्षणही लागत नाही. त्याचा दोष डोळ्यांना दिसतो, कारण तो थर्मामीटर तीन हातांतून फिरताना दिसतो. आज कोणत्याही रुग्णालयात तसा थर्मामीटर फिरत नाही, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. ज्यांच्या झुंजीमुळे ती घडली त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण मधले हात खरोखर नाहीसे झाले की त्यांनी रूप पालटले? जीप भरण्याची वाट पाहणारा चालक, अनामत मागणारा खिडकीवरचा मुलगा, पेटीत राहिलेले रेशनकार्ड. यांतील एकही दुष्ट नाही. चालकाला डिझेल परवडायचे असते. खिडकीवरच्या मुलाने पैसे न घेता भरती केली तर मालक त्याच्या पगारातून कापतील. प्रत्येकाने आपले रोजचे काम केले, आणि एक माणूस मेला.

खरा तात्त्विक पेच येथेच आहे. वाईट कुणीच केले नाही, तर वाईट घडले ते कुणाच्या खात्यावर लिहायचे? बंगळूरच्या आकड्यांकडे पुन्हा पाहू. शंभर गरीब रुग्णांत आठ गेले, शंभर श्रीमंतांत पाच-सहा. मधले दोन-तीन जण उपचारांतील भेदाने गेले. पण आठ मृतांपैकी हे दोन-तीन नेमके कोण, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. त्यांना नाव नाही, चेहरा नाही. ज्याची हत्या झाली त्याचे प्रेत तरी असते. येथे प्रेते आठ आहेत आणि त्यांपैकी अन्यायाने गेलेले कोणते ते ठाऊक नाही. म्हणून कुणीही विधवा उठून 'माझा माणूस अन्यायाने गेला' असे खात्रीने म्हणू शकत नाही. ती म्हणते, नशीब. आपणही मान डोलावतो.

परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या 'सॉलिसितुदो रेई सोसियालिस' या परिपत्रकात पापाच्या संरचनांविषयी लिहिले आहे. ही कल्पना आपल्या प्रवचनांतून बरीच फिरली, आणि फिरता फिरता थोडी गुळगुळीत झाली. 'व्यवस्थाच वाईट' असे म्हणून मोकळे होण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. वास्तविक त्यांचे म्हणणे याच्या उलट आहे. अशा संरचना आकाशातून पडत नाहीत. त्या एकेका माणसाच्या कृतीतून उभ्या राहतात, घट्ट होतात आणि मग उपटून काढणे कठीण जाते, असे ते सांगतात. व्यवस्थेकडे बोट दाखवले की बोट फिरून आपल्याकडे येते.

ते आमच्याकडे कसे आले, हे आता सांगितले पाहिजे. आतापर्यंत सांगितलेल्या हकीकतीत आम्ही एक गोष्ट गाळली आहे. त्या सालदाराचा भाऊ पहाटे पाच वाजता मोटारसायकलवरून आमच्या दारी आला होता. त्याची मुले एके काळी आमच्या वर्गात होती; त्या ओळखीने आला. म्हणाला, "गुरुजी, भावाच्या छातीत रातपासून कळा मारून रायल्या. गाडी भेटन का कोनाची?" शेजारच्या घरी गाडी होती. आम्ही म्हणालो, "अरे, तुमच्या गावाहून साडेसहाची एस.टी. आहे ना, तिने घेऊन या, आपण येथे दाखवू." तो "हाव जी" म्हणून गेला. पुन्हा मागितलेही नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावत होती. ती बोलवावी हे त्याला सुचले नाही, आम्हांलाही सुचले नाही. महिन्याने रात्री नऊला अधिकाऱ्यांच्या पत्नीचा फोन आला, तेव्हा आम्ही पायांत चपलाही न घालता त्याच शेजाऱ्यांचे दार ठोठावले आणि दहा मिनिटांत गाडी निघाली.

शेजाऱ्यांनी दोन्ही वेळा गाडी दिली असती. आम्ही एकदाच मागितली. पहाटे पाचला कुणाला उठवायचे आणि कुणासाठी, याचा विचार आम्ही केलाच नाही. तो आमच्यासाठी आधीच झालेला होता. त्या ७२० डॉक्टरांना आम्ही याहून अधिक काय बोलणार?

आता 'श्रीमंत माणूस चांगले घर घेतो, चांगली गाडी घेतो, मग चांगले उपचार घेतले तर काय बिघडले?' हा प्रश्न उरतो. तो प्रामाणिक प्रश्न आहे. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९६२ मध्ये त्याला उत्तर दिले होते, ते आम्हांला पटते. उपचार देण्याचे उचित कारण एकच, ते म्हणजे आजारपण. पैसा हे मिळवण्याचे साधन असू शकते, देण्याचे कारण नव्हे. तहानलेल्याला पाणी द्यायचे ते तो तहानलेला आहे म्हणून. जेथे खिसा पाहून पाणी दिले जाते तेथे काहीतरी मुळातच उलटे झालेले असते. वेल्समधील खाणकामगारांच्या खेड्यात आयुष्य घालवणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिले, की चांगल्या वैद्यकीय सेवेची जेथे जितकी अधिक गरज तेथे ती तितकी कमी मिळते, आणि बाजाराच्या हाती सेवा जितकी सोपवावी तितका हा नियम अधिक काटेकोरपणे पाळला जातो. ते स्वतः अशा खेड्यात डॉक्टर म्हणून राबले, म्हणून त्यांच्या नियमाला वजन आहे.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात आम्ही नेहमी जखमेवर ओतलेल्या तेल-द्राक्षारसाचे बोलतो. त्याने धर्मशाळेच्या मालकाला दोन दीनार आगाऊ दिले आणि वरचा खर्च परतताना देईन असे सांगितले, याकडे आमचे फारसे लक्ष जात नाही. म्हणजे अनामत तेव्हाही होती. ती जखमी माणसाने भरली नाही, एवढेच.

आपल्या राज्याने हे दोन दीनार भरण्याचा प्रयत्न केलेला आहे, हे न सांगणे अप्रामाणिक होईल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत अमरावती होते, अकोला नव्हते. अकोल्याला ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी आली. त्या सोळा महिन्यांत बडनेऱ्याच्या पिवळ्या कार्डधारकाला जे मिळू शकत होते ते पुढच्या मूर्तिजापूरच्या कार्डधारकाला मिळत नव्हते. सरकारी कामात टप्पे लागतात, हे खरे. पण हृदयाला टप्पे ठाऊक नसतात. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने धमनीत बसवायच्या नळ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. औषध लावलेली जी नळी लाखाच्या वर विकली जात होती ती २९,६०० रुपयांवर आली. पैशाची भिंत या सगळ्याने खरोखरच खचली आहे. उरली आहे ती तासांची भिंत. आणि ती कशी पाडायची हे तमिळनाडूत करून दाखवलेले आहे: लहान दवाखान्यांना मोठ्या रुग्णालयांशी जोडले, कार्डिओग्राम तारेने पुढे पाठवला, इंजेक्शन जवळच दिले आणि मग रुग्णाला हलवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात वर्षभरातील मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. पुन्हा शंभरात तीन. पुन्हा बिनचेहऱ्याचे, वाचलेल्या त्या तिघांनाही आपण वाचलो ते कशामुळे, हे कधी कळणार नाही.

सालदाराच्या भावाशी आम्ही त्या पहाटेविषयी बोललो, पण दीड वर्षाने. तो अवघडला. "तुमचं काय चुकलं, गुरुजी? एस.टी. व्हतीच ना," असे म्हणाला. आम्हांला अपेक्षित होता तो राग त्याच्यापाशी नव्हता, आणि राग नसणे हेच अधिक जड गेले. मग आम्ही त्याला १०८ क्रमांक घराच्या भिंतीवर कोळशाने लिहायला लावला, आणि त्याच्या आईचे व वहिनीचे कार्ड योजनेत चालते की नाही ते अकोल्याला जाऊन विचारून आलो. चालते.

गेल्या दिवाळीच्या आधी तो पुन्हा रात्री दोनला आला. या वेळी मेव्हण्याच्या छातीत दुखत होते. १०८ ला फोन केला होता, पण गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. आम्ही शेजाऱ्यांना उठवले. पहाटे चारला अकोल्यात कार्डिओग्राम निघाला, रक्त तपासले, सहा तासांनी पुन्हा तपासले. हृदय ठणठणीत होते. खरोखरच गॅस निघाला. शेजारी दुसऱ्या दिवशी थोडे कुरकुरले. पेट्रोल आम्ही भरून दिले.